शेऱ्याचा रकाना

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरोघर फळीवरचे डबे खाली उतरतात. वर्षभर एका ओळीत मुकाट्याने बसलेली ही मंडळी उन्हाला येतात आणि कोणाच्या पोटात काय आहे ते उघडकीला येते. बोर्नव्हिटाच्या डब्यातून मेतकूट निघते. बिस्किटांच्या डब्यातून वाती निघतात. ‘साखर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या डब्यात कित्येक वर्षे जाडे पोहे नांदत असतात, आणि घरात कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. घरची गृहिणी दिवे गेलेले असतानाही हात घालून हवा तोच डबा काढते. पंचाईत होते ती पाहुण्याची. पहाटे उठून आपला आपण चहा करून घ्यावा, यजमानिणीची झोप मोडू नये, अशा सद्भावनेने स्वयंपाकघरात शिरलेला पाहुणा डब्यावरची अक्षरे वाचतो, आणि अक्षरांवर विश्वास ठेवण्याचे प्रायश्चित्त भोगतो.

माझी भाची पुण्याला एका संस्थेत संगणकाला ज्ञान शिकवण्याचे काम करते. ‘संगणकाला ज्ञान म्हणजे काय ग?’ असे मी तिला एकदा विचारले, तेव्हा तिने हेच उदाहरण दिले. म्हणाली, “आत्या, तो पाहुणा आहे. डब्यावर जे लिहिलंय तेवढंच त्याला कळतं. म्हणून आम्ही आधी सगळ्या डब्यांवर नीट चिठ्ठ्या लावतो, आणि कोणता डबा कोणाशेजारी का ठेवला तेही लिहून काढतो.”

ऐकायला हे काम सोपे वाटते. पण शहाणी शहाणी माणसे साठ-सत्तर वर्षे त्यात डोके घालून बसली आहेत. जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञाने १९५९ साली असे सुचवले, की यंत्राला नुसती आकडेमोड शिकवून भागणार नाही. व्यवहारातल्या साध्या गोष्टी वाक्यांच्या रूपाने त्याच्यापुढे ठेवल्या पाहिजेत आणि त्यांतून निष्कर्ष काढायला त्याला शिकवले पाहिजे. पुढच्या दशकात रॉस क्विलियनने शब्दांचे जाळे विणून पाहिले: कावळा हा पक्षी, पक्षी हा प्राणी, प्राण्याला भूक लागते, म्हणून कावळ्यालाही भूक लागते. १९७४ साली मार्विन मिन्स्कीने चौकटींची कल्पना मांडली. ‘पक्षी’ या शब्दाची एक चौकट. तिच्यात पंख, चोच, घरटे यांची घरे. आणि ज्या घरात काही भरलेले नसेल तिथे सर्वसाधारण समजूत आपोआप गृहीत धरायची. पक्षी म्हटला की तो उडतो असे समजायचे. मग पेंग्विन येतो आणि घोटाळा करतो. पेंग्विनपर्यंत कशाला जायचे? आपल्या आळीतली कोंबडीसुद्धा या शास्त्राला पुरून उरते. ती उडते की नाही, याचे उत्तर मागे कुत्रा आहे की नाही यावर अवलंबून असते!

डग्लस लेनट नावाच्या गृहस्थाने तर १९८४ पासून जन्मभराचा वसा घेतला. माणसाला जे जे न सांगता कळते ते ते सगळे लिहून काढायचे. आई मुलापेक्षा वयाने मोठी असते, भांडे उपडे केले की पाणी सांडते, या जातीची लाखो वाक्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्रात घातली. २०२३ साली तो वारला, तेव्हाही काम पुरे झालेले नव्हते. न सांगता कळणाऱ्या गोष्टींची यादी अशीच असते. सासरी नव्याने आलेल्या मुलीला विचारा.

अशा यादीला हे लोक ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. शब्द ग्रीक आणि तत्त्वज्ञानातला. पण टॉम ग्रूबरने १९९३ साली केलेली त्याची व्याख्या अगदी कामापुरती आहे. एखाद्या व्यवहारात आपण कोणकोणत्या वस्तू आहेत असे धरून चालतो आणि त्यांची एकमेकींशी काय नाती मानतो, ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे, असा तिचा भावार्थ. आपल्याकडे वैशेषिकांनी हाच उद्योग फार पूर्वी केला होता. जगात जे जे म्हणून आहे ते किती प्रकारचे? द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि सातवा अभाव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ही यादी पहिल्याच पानांवर भेटते. अमरसिंहाने कोश रचताना स्वर्ग, पाताळ, भूमी, पूर, शैल, वनौषधी असे वर्ग केले. अलीकडे हैदराबादच्या संस्कृत-संगणक अभ्यासकांनी अमरकोशातली ही नाती संगणकासाठी उलगडून मांडली आहेत.

इथे एक खुलासा केलेला बरा. ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे असे नासाने जाहीर केले,’ असा निरोप दर दोन महिन्यांनी कोणीतरी आपल्याला फोनवर पाठवतो. नासाने असे काही जाहीर केलेले नाही. नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ साली एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची आपल्या वैयाकरणांची रीत आणि संगणकवाल्यांची शब्दजाळी यांत साम्य आहे, एवढाच त्याचा मुद्दा होता. मुद्दा चांगला आहे. त्याला शेपटे लावण्याचे कारण नाही.

तर, दोन वर्षांपूर्वी भाची जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे मुरबाडला आली ती चार दिवसांसाठी आणि राहिली तीन आठवडे. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे एक यंत्र तिची संस्था तयार करीत होती. त्यासाठी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील भातशेती आणि रानभाज्या यांची यादी तिला करायची होती. माझी सारी नोकरी याच भागात शाळा शिकवण्यात गेली. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत कोणत्याही गावात आमचा एखादा तरी विद्यार्थी सापडतोच. त्यामुळे मला वाटाड्याचे काम मिळाले.

पहिल्याच दिवशी बाजारात शेवळे आली होती. ज्यांनी ही भाजी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाची चाहूल लागली की रानात जमिनीतून एक तपकिरी-जांभळी कळी वर येते. पान नाही, फांदी नाही, नुसता कोंब. ठाकूर-कातकरी बायका पहाटे रानात जाऊन ती खुडतात, जुड्या बांधतात आणि मुरबाड, आसनगाव, कल्याणच्या बाजारात आणून बसतात. नुसती शिजवली तर ती घशाला अशी खाजते की खाणाऱ्याने पुन्हा नाव घेऊ नये. म्हणून तिच्याबरोबर काकडाची आंबट फळे घालतात. विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडे देतेच. ठाण्या-कल्याणचे सीकेपी लोक त्यांत कोलंबी किंवा सोडे घालतात आणि वर्षभर तिची वाट पाहतात.

भाचीने वहीत एक गोल काढला, त्यात ‘शेवळ’ लिहिले. वर दुसरा गोल, ‘रानभाजी’. त्याच्यावर ‘भाजी’, त्याच्यावर ‘वनस्पती’. खालून वर बाण काढले. जुड्या घेऊन बसलेली म्हातारी तिच्याकडे कौतुकाने पाहत होती. भाचीने तिला विचारले, “आजी, ही कंदभाजी की फुलभाजी?”

म्हातारी म्हणाली, “पोरी, ही पयल्या पावसाची भाजी.”

“पण ही येते कशापासून?”

“कंदापासून येती. पर आता कंदाला हात लावायचा नाय. मागनं त्यालाच पान फुटतंय. कवळं हाय तवर त्याची बी भाजी व्हती. कंद ठेवला तर पुढल्या साली परत येती.”

भाचीची पेन्सिल थांबली. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे एकच झाड, सुरणाच्या गोतातले. स्वयंपाकाच्या हिशेबाने दोन भाज्या, कारण कळी वेगळी शिजते आणि पान वेगळे शिजते. रानात जाणारीच्या हिशेबाने ती महिन्याची खूण. शेवळ संपले की पुढची भाजी कोणती ते तिला ठाऊक असते, कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली, अशी तिची पाऊस सरेपर्यंतची उतरंड लागलेली असते. बाजाराच्या हिशेबाने शेवळ हे एकटे नसतेच. शेवळ-काकड हा जोड असतो. शिडी एक आणि चढणारे चार!

यांतले खरे वर्गीकरण कोणते? माझ्या मते चारही खरी आहेत. प्रत्येकाच्या पोटात एकेक प्रश्न आहे. शास्त्रज्ञ विचारतो, हे कोणापासून झाले? स्वयंपाकीण विचारते, हे कसे शिजेल? रानातली बाई विचारते, हे कधी मिळेल, आणि पुढच्या वर्षी मिळेल का? प्रश्न विसरून नुसते कप्पे उचलले की घोटाळा होतो. ‘शेवळ ही भाजी आहे’ एवढेच यंत्राला सांगितले, आणि उद्या कोणी त्याला विचारले, ‘शेवळाची भाजी पालकासारखी करू का?’ तर ते आनंदाने ‘करा’ म्हणेल. भाजी ती भाजी! माणसाचा घसा वाचवणारी गोष्ट शेवळ या नावात नाही. ती शेवळ आणि काकड यांच्यामधल्या रेघेत आहे.

ही गोष्ट भाचीने मला सांगितली असती तर मी हो हो म्हणून विसरले असते. पण पुढच्या आठवड्यात आम्ही शहापूरकडे डोळखांबच्या बाजूला गेलो, आणि तिथे याच रेघेवर एका घराचे पोट अवलंबून असलेले पाहिले.

आपल्या या दोन तालुक्यांत भाताची शेती राबावर चालते. माहुलीच्या पायथ्याला राहणाऱ्याला किंवा माळशेजच्या खालच्या कुणब्याला राब म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ज्या तुकड्यात रोप करायचे तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर पसरतात, वर मातीचा हात फिरवतात आणि ते भाजतात. पहिल्या पावसानंतर त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरतात. रोप हातभर झाले की चिखलात त्याची लावणी. आता हे कवळ आणि गवत येते कुठून? खाचराच्या वर जो माळ असतो, उताराचा, दगडगोट्यांचा, तिथून. त्या जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात. वरकसावर नाचणी-वरी होते, गुरे चरतात आणि ऐन-किंजळाच्या फांद्या मिळतात. म्हणजे खालचे खाचर वरच्या माळाच्या जिवावर जगते.

इंग्रजी अमलात जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि राबासाठी कवळ तोडायला बंदी होऊ लागली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब ही शेतकऱ्याची गरज की जंगलाची नासाडी, हा वाद त्यात मोठ्या आवेशाने झाला. आखणाऱ्याच्या नकाशात एक ‘शेत’ होते आणि एक ‘जंगल’ होते. शेतकऱ्याच्या मनात त्या दोहोंना जोडणारी पायवाट होती. नकाशात पायवाटेला रंग नव्हता.

त्यानंतर कोणी काही शिकलेच नाही असे मात्र नाही. कोकणातला सातबारा काढून पाहा. गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकाची. सातावर जिरायत, बागायत यांच्या जोडीला ‘तरी’ म्हणजे भाताची जमीन आणि ‘वरकस’ असे शब्द छापलेले दिसतात. घाटावरच्या शेतकऱ्याला ते शब्द कदाचित समजणारही नाहीत. म्हणजे कोणीतरी केव्हातरी इथल्या माणसाचे ऐकले आणि त्याच्या शब्दासाठी एक घर बांधले. सरकारी कागदाला आपण येता-जाता नावे ठेवतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पण घर मिळाले तरी रेघ मिळाली नाही. डोळखांबच्या बाजूला ज्या घरी आम्ही गेलो तिथे सातबाऱ्यावर वरकस होती आणि त्याच जमिनीच्या बाराव्यावर पिकाच्या जागी वर्षानुवर्षे ‘गवत’ आणि ‘पड’ लिहिलेले होते. राब हे काही पीक नव्हे. घरच्या कर्त्याने भावकीच्या वाटणीनंतर तो माळ विकायला काढला होता. रस्ते झाले, समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा या भागातून जाणार होता (तो पुढे जून २०२५ मध्ये सुरू झाला), आणि मुंबईच्या लोकांना बंगल्यासाठी डोंगराच्या कुशीतले माळ हवे असतात. कागदावर पाहिले तर सौदा चोख. पड जमीन जाते आहे, भाताची जमीन जशीच्या तशी राहते आहे. घरातली म्हातारी एवढेच म्हणत होती, “मंग रोप कशावर करणार?” तिला उत्तर द्यायला कोणाजवळ कागद नव्हता. कारण दोन गटनंबरांमध्ये जो संबंध तिला डोळ्यांपुढे दिसत होता तो कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

भाचीने त्या रात्री आपल्या यादीत एक नवे नाते घातले: ‘अमुक खाचराला राब अमुक माळावरून.’ वरच्या लोकांना ते पटवायला तिला दोन महिने लागले. सगळीकडे लागू पडत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो काही खोटा नव्हता. जिथे रासायनिक खतावर रोप होते तिथे राब उरलेला नाही. पण जिथे आहे तिथे ते नाते यादीत नसेल, तर ‘ही पड जमीन विकली तर माझ्या भाताचे काही बिघडेल का?’ या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ म्हणून सांगेल, आणि अत्यंत सभ्य मराठीत सांगेल.

या ‘नाही’विषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे. यादीत एखादी गोष्ट नसली की ती जगात नाही असे धरायचे का? रेमंड रायटर या अभ्यासकाने १९७८ साली या समजुतीला एक नाव दिले: बंद जगाची समजूत. काही ठिकाणी ती अगदी रास्त आहे. आसनगाव स्टेशनावरच्या वेळापत्रकात दुपारी दोन ते अडीच गाडी दाखवली नसेल, तर त्या वेळात गाडी नाही असे समजून आपण खुशाल घरी जेवत बसतो. गाड्या सोडणाऱ्यानेच यादी केलेली असते. पण जमीन, झाडे आणि माणसे यांची यादी करणारा काही त्यांना जन्माला घालत नाही. तिथे यादीतल्या मौनाचा अर्थ ‘मला ठाऊक नाही’ एवढाच घ्यावा लागतो. याला उघड्या जगाची समजूत म्हणतात. २००४ साली जगभरच्या संगणकांसाठी ऑन्टॉलॉजी लिहिण्याची जी भाषा प्रमाण ठरली, तिने हीच समजूत पत्करली.

आपल्या नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार केले ते मला अशा वेळी फार आठवतात. अजून झालेले नाही तो प्रागभाव. होते पण नाहीसे झाले तो प्रध्वंसाभाव. कधी नव्हते, नाही आणि होणार नाही तो अत्यंताभाव. आणि हे ते नव्हे, घट म्हणजे पट नव्हे, तो अन्योन्याभाव. रिकाम्या रकान्याकडे या दृष्टीने पाहा. नोंद अजून व्हायची आहे? की होती आणि पुसली गेली? की मुळात तिथे काही नव्हतेच? की आहे, पण दुसऱ्या नावाने? चारही वेळा कागदावर सारखेच कोरे दिसते. संगणकातल्या तक्त्यांचे शास्त्र ज्याने १९७० साली घातले त्या एडगर कॉडलाही पुढे वाटू लागले, की रिकाम्या घराच्या निदान दोन जाती तरी वेगळ्या हव्यात: माहिती आहे पण हाती नाही ती एक, आणि माहिती लागूच होत नाही ती दुसरी.

दुसऱ्या नावाची गोष्ट तर आमच्या तालुक्यांत रोजची. अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच ओळीवर ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी सहा नावे आहेत. कातकऱ्यांचीही सहा: काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी. वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते. पण अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्यापुढे, मग तो कारकून असो की यंत्र, ‘ठाकर’ हा ‘ठाकूर’ नसतो. म्हणून सगळी रूपे लिहून ठेवावी लागतात. त्यातही १९७६ च्या कायद्याने बदल होईपर्यंत ठाकुरांची नोंद काही जिल्ह्यांतल्या ठराविक तालुक्यांपुरतीच होती. तालुक्याची शीव ओलांडली की तोच माणूस, तीच बोली, तोच देव. यादीत मात्र तो नाही. शाळेत मुलांचे दाखले लिहिताना आम्ही बाया या एका शब्दापाशी फार जपून टाक थांबवीत असू. तीस वर्षांनी त्या अक्षराची किंमत कोणाला किती मोजावी लागेल ते आम्हाला ठाऊक असे.

आणि कागदावर अजिबात नसलेल्या जमिनीचे काय? आजा कसत होता, बाप कसत होता, पण गट वनखात्याचा. सातबाऱ्यावर नाव नाही. बंद जगाच्या हिशेबाने ही शेती नाहीच. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा असल्याचा पुरावा काय काय धरायचा, याची यादी त्यांत आहे. तिच्यात सरकारी दस्त आहेत, तसेच जमिनीवर दिसणारे बांध आणि घरे आहेत, विहिरी आणि दफनभूमी आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही आहे. अर्थात एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात, आणि त्यांची पहिली पारख ग्रामसभा करते. या दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवरून असे दावे झाले. काही मान्य झाले, काही अडकून राहिले. पण नियम करणाऱ्याने एक गोष्ट मान्य केली हे मला फार मोठे वाटते. नोंदवहीच्या बाहेरही जग आहे, आणि ते बांधाच्या दगडात आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात सापडते.

अशा वेळी मला जुन्या गाव नमुना बाराचा शेवटचा रकाना आठवतो. पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन, लागवडीला उपलब्ध नसलेली जमीन, असे सगळे रकाने ओलांडून गेले की अगदी उजव्या कडेला एक अरुंद पट्टी असते: ‘शेरा’. नमुना आखणाऱ्या त्या अनामिक माणसाला माझा नमस्कार आहे. एवढे सगळे कप्पे आखून झाल्यावर त्याने मान्य केले, की कप्प्यांत न मावणारे काही उरेल, आणि त्यालाही कागदावर जागा हवी. शेऱ्याचा रकाना हा ज्ञानाचा विनय आहे. मात्र तो भरायला वेळ लागतो आणि वाचायला माणूस लागतो. बेरीज करताना शेरा कोणी धरत नाही.

भाची हल्ली म्हणते, आता अशा याद्या करण्याचे दिवस कमी झाले. नवी यंत्रे कप्पे मागत नाहीत. जगात जे जे लिहिलेले आहे ते ते वाचून ती बोलायला शिकतात. मुंबईच्या आयआयटीत हिंदी शब्दजालाच्या आधाराने मराठीचे शब्दजाल तयार झाले, त्याला कित्येकांची कित्येक वर्षे लागली. आणि ही नवी यंत्रे तसे कोणी ओळीने न मांडताच बरेचसे मराठी बोलतात. ते खरे आहे. पण मला त्यात जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत दिसतो. लिहिलेले वाचून जो शिकला त्याला न लिहिलेले कोण सांगणार? मराठीत कवितांची पुस्तके पुष्कळ आहेत, राबावर फार थोडी. ज्या बाईला कोणत्या आठवड्यात कोणत्या ओहोळाकाठी कोणती भाजी ते ठाऊक आहे, तिने एक ओळही लिहिलेली नाही. तिचे ज्ञान यंत्राच्या दृष्टीने प्रागभाव आहे, अजून न झालेले. ती गेली की तोच प्रध्वंसाभाव होईल. या दोहोंमध्ये फार थोडी वर्षे आहेत.

म्हणून कप्पे नकोत असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षे हजेरीपट मांडलेल्या बाईने तसे म्हणू नये. कप्प्याशिवाय नोंद नाही, नोंदीशिवाय हक्क नाही, हे आमच्या भागातली अडाणी म्हातारीही जाणते. म्हणूनच ती दाखल्यासाठी तीन-तीन खेपा घालते. माझे मागणे एवढेच, की कप्पा करताना तो कोणत्या प्रश्नासाठी केला ते त्याच्यावर लिहावे. दोन कप्प्यांमधली रेघ विसरू नये. कोऱ्या जागेला ‘नाही’ म्हणण्याआधी ‘माहीत नाही’ म्हणून पाहावे. आणि कडेला एक पट्टी मोकळी सोडावी.

भाचीच्या यादीत आता प्रत्येक ओळीच्या शेवटी शेरा आहे, आणि ती माहिती कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात मिळाली तेही आहे. शेवळाच्या ओळीपुढे तिने त्या म्हातारीच्या शब्दांत लिहिले आहे: ‘काकडाबिगर करू नये. कंद उपटू नये.’ मागच्या पावसाळ्यात कल्याणच्या कोण्या नव्या सुनेने तिच्या यंत्राला शेवळाची भाजी कशी करतात म्हणून विचारले. यंत्राने कृती सांगितली, आणि खाली ही दोन वाक्ये जशीच्या तशी दिली. ज्या म्हातारीची ती वाक्ये, तिला हे सांगावे म्हणून मी बाजारात गेले, तर ती म्हणाली, “बाई, आनि धुवून घ्यावं, ते लिवलं का?”

ते लिहायचे राहिले होते. त्याच संध्याकाळी मी भाचीला कळवले.